नावं दुरुस्त करणारे मामा

परक्यांच्या नावांसाठी जीव टाकणारा आणि त्यापायी घरच्यांचा जीव खाणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत माझ्या बायकोच्या मामांसारखा दुसरा नसेल. शॉमबर्गमध्ये चाळीस वर्षं काढूनही बेसबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण बेसबॉलच्या जुन्या कार्डांनी त्यांची बुटांची सात खोकी भरली आहेत. पत्त्याएवढं कार्ड, वर खेळाडूचा फोटो, खाली नाव. त्यातही मामांना हवीत ती फक्त चुकलेल्या नावांची. पोर्तो रिकोहून, क्युबाहून आलेल्या पोरांची नावं इथल्या जिभांना जड गेली, म्हणून छापणाऱ्यांनी हुआनचा जॉन केला, होर्हेचा जॉर्ज. मामा ते नाव शाईपेनानं खोडतात आणि वर खरं लिहितात. "अहो, कार्ड खराब होतं!" म्हटलं तर म्हणतात, "खराब ते आधीच झालंय. मी रिपेअर करतोय."

हे घरापुरतं असतं तर सोसलं असतं. पण कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीच्या छातीवरची पट्टी वाचून हे विचारतात, "हे तुझं खरं नाव का?" ती खरोखरच नॅन्सी निघाली, तेव्हा मी कॉफी न घेताच बाहेर पडलो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना कार्डांच्या प्रदर्शनाला घेऊन गेलो. तिथे ऐंशी ओलांडलेला एक पोर्तो रिकन खेळाडू सह्या देत बसला होता. मामांनी त्याचं कार्ड पुढे केलं. छापलेलं 'जॉनी' खोडलेलं, वर 'हुआन'.

म्हातारा हसला नाही. "जॉनीनं माझी पोरं वाढवली," तो म्हणाला. "त्याला का खोडलंस?"

मामांचा चेहरा पडला. मी त्यांचा दंड धरून ओढू लागलो, तर हे जागचे हलेनात. "मग... आई काय म्हणायची?" त्यांनी चाचरत विचारलं.

म्हाताऱ्यानं कार्ड पुन्हा जवळ ओढून डोळ्यांशी धरलं. मागची रांग कुरकुरायला लागली. मग त्यानं दोन्ही नावांखाली सावकाश लिहिलं, 'हुआंचो'. "हे कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला आणि कार्ड देताना त्यानं मामांचा हात क्षणभर सोडला नाही.

परतताना गाडीत मामा ते कार्ड मांडीवर धरून बसले होते. ऑफिसात ते सगळी वर्षं 'सॅम' होते. घरी मामा, काका, आजोबा. एका सिग्नलला मी विचारलं, "मामा, तुम्हाला लहानपणी काय म्हणायचे?"

"छबू," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता म्हणणारं कुणी उरलं नाही रे."

ते नाव एकदा मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. पण वडीलधाऱ्या माणसाला अशी हाक कशी मारायची? "मामा, एसी कमी करू का?" एवढंच विचारलं.