फोन पेशंटले द्या!

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. हेडफोन कानाला लावला की किस्सा सुरू! डबा खाताना शेजारच्या टेबलावरची प्रणाली आणि मी ते एकमेकींना ऐकवतो. आधी हसतो, मग चिडतो, आणि भाजी थंड होते. हल्ली चिडणंच आधी येतं.

काम काय, तर सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीतून घरी गेलेल्या पेशंटला व्हिडिओ कॉल करायचा. टाके सुकले का, ताप आला का, गोळ्या घेता का. गरज वाटली तर डॉक्टरांना जोडून द्यायचं. जिवतीच्या डोंगरातून चंद्रपूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून ही सोय. चांगली आहे सोय. अडचण एकच. फोन पेशंटकडे नसतो, घरातल्या मोठ्या माणसाकडे असतो. आणि मोठ्या माणसाला सगळं माहीत असतं!

या सगळं माहीत असण्यापायी सुमनचा पाय जाणार होता. तिथवर येतेच.

*

सावली तालुक्यातली एक बाई. उलट्या-जुलाबांनी पार सुकून आली होती, सलाईन लावून घरी पाठवली. कॉल नवऱ्याने उचलला.

"भाऊ, बाईंना जीभ दाखवायला सांगा. कोरडी आहे का बघायचंय."

भाऊंनी स्वतःची जीभ बाहेर काढली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन लालभडक झालेली!

"तुमची नाही हो, बाईंची!"

"ते चूल पेटवून राह्यली जी. माझीच पाहा ना. आमच्या घरी सारे एकाच गंजातलं जेवतात!"

*

आता सुमन. जिवतीच्या डोंगरातल्या गावची, वयाने माझ्याएवढीच. नवरा तेलंगणात कामाला, सासू मागेच वारलेली, घरी फक्त सासरे. शेतात पायाला घोणस चावली. इमर्जन्सीत इंजेक्शनं दिली, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, तरी डॉक्टर म्हणाले, अजून थांबा. सासरे म्हणाले, "सोयाबीन कापनीवर हाये." आणि घेऊन गेले!

निघताना मी स्वतः बजावलं होतं, सूज वर चढली किंवा कातडी काळी पडली तर लगेच परत या, नाहीतर पाय गमवाल. सुमनने मान हलवली. सासरे गाडी बघत होते.

पहिला कॉल त्यांनीच उचलला.

"सुमन कशी आहे काका?"

"बरी हाये."

"फोन द्या तिच्याकडे."

"ते घरी हाये, मी टेकडीवर. घरी रेंज नाई लागत."

"पायाची सूज?"

"उतरली."

"काळा पडलाय का?"

"नाई जी. लय विचारता बापा तुमी!"

आमचे मोठे सर मागेच उभे होते. निवृत्तीला आलेत, त्यामुळे त्यांना सगळंच आधी होऊन गेलेलं वाटतं. म्हणाले, "घरचा जबाबदार माणूस बोलला ना? मग क्लोज कर केस."

"सर, साप सासऱ्याला नाही चावला!"

"फार बोलतेस तू," सर म्हणाले.

बोलते. केसही क्लोज केली नाही.

*

कोरपन्याचा एक जण. कपाशीवर फवारणी करताना औषध अंगात भिनलं आणि इमर्जन्सीत आला. घरी सोडताना ताकीद दिली होती, फवारणीच्या आसपासही फिरकायचं नाही. कॉल वडिलांनी उचलला.

"आराम करून राह्यला जी तो. हलू देत नाई मी त्याले."

मागून घुर्र घुर्र आवाज.

"तो आवाज कसला?"

"कूलर होये."

कूलर! वडिलांच्या डोक्यामागे हिरवीगार कपाशी दिसत होती, आणि त्या कपाशीतून त्यांचा कूलर पाठीला पंप बांधून चालत होता!

मी इतक्या जोरात ओरडले की त्याने तिथल्या तिथे पंप उतरवला. वडील चिडले. "मोठ्या मानसाशी असं बोलतात का?"

मोठ्या माणसांशीच असं बोलावं लागतं! लहानांच्या हाती फोन येतो कुठे?

*

गडचिरोलीकडची एक आजी. घोट्याला प्लास्टर. फोन तिच्याच हातात पाहून मला इतका आनंद झाला!

"आजी, अजिबात चालायचं नाही बरं का."

आजीला धाप लागलेली. मागे मोहाचं झाड.

"तुम्ही झाडाखाली काय करताय?"

"इथंच तर रेंज हाये."

"म्हणजे चालत आलात?"

"मंग? तुमी चालू नका म्हनता, ते आयकाले इथवर चालतच आली ना!"

मोठ्या सरांना किस्सा सांगितला तर ते चहा सांडेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. ही सोय ठरवली कोणी? ज्यांच्या न्हाणीघरातही रेंज येते, त्यांनी!

*

सुमनच्या सासऱ्यांना मी परत कॉल केला. बरी हाये. परत केला. बरी हाये. शेवटी म्हटलं, "काका, फोन घरी न्या, तिच्या पायाचा फोटो काढा, आणि टेकडीवर येऊन पाठवा."

फोटो आला. डोक्यावर पदर घेतलेली सुमन, फक्त चेहरा. ओठ दाताखाली धरलेले.

"मी पायाचा म्हटलं होतं!"

"तोंडावरून समजत नाई का, मानूस बरा हाये का नाई?"

प्रणालीने फोटो मोठा करून पाहिला. "हिला दुखतंय गं," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तो प्रश्न आला. "काका, तुम्ही स्वतः पाहिलाय का तिचा पाय?"

काका भडकलेच. "सुनंचा पाय सासरा पाह्यते का जी? काई लाजशरम?"

"मग रोज बरा आहे, बरा आहे, ते कशावरून?"

"बराच असन म्हनून!"

मी हेडफोनचा माईक तोंडाजवळ ओढला.

"तिला खाटेवर घाला, चार माणसं लावा आणि त्या टेकडीवर आणा. आज! नाहीतर मी गावात येते आणि चौकात उभी राहून हेच सगळ्यांना विचारते!"

मोठे सर दारात होते. मला वाटलं, आता आवाज खाली करायला सांगतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

दुपारी कॉल आला. आधी आभाळ दिसलं, मग फांद्या, मग खाटेची एक बाजू. सासऱ्यांनी फोन धरलेला हात लांब केला होता आणि तोंड पार दुसरीकडे फिरवलं होतं! आम्हाला दिसत होती एक बकरी.

"खाली, काका, खाली!"

"डावीकडे घ्या हो!" आता सरही ओरडत होते.

"अहो, मान वळवा ना!"

"ते नाई जमत जी!"

इतक्यात खाटेवरून एक हात वर आला आणि फोन हिसकावला. "द्या मामाजी इकडे!"

मग पाय दिसला. गुडघ्यापर्यंत सुजलेला, घोट्याशी काळा पडलेला, वर फोड.

सरांनी फोन उचलून जिवतीला ॲम्ब्युलन्स सांगितली, मग सर्जनला. मला हळूच म्हणाले, "आज आली तर वाचेल पाय."

"सुमन, गाडी निघाली. टेकडीखालच्या रस्त्यावर येईल. तोवर तिथेच थांब, फोन सोडू नकोस," मी म्हटलं.

तिने फोन स्वतःच्या चेहऱ्याकडे फिरवला. पदर खाली सरकला होता, तो तिने परत घेतला नाही.

"मॅडम, मामाजी म्हनत होते, तुमचा फोन येते, तुमी मले कशी हाये म्हनून विचारता."

"हो गं, विचारत होते ना."

"मंग मी काय सांगत होती?"