रुमालाखालचा हात

महायुद्ध सुरू झाले त्या हिवाळ्यात निपाणीच्या बाजारात एका दलालाने तंबाखूचा भाव तोंडाने सांगितला. तिथे भाव रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरत असे. तो तिसऱ्याच्या कानी जाऊ देत नसत.

मी शेजारच्या वखारीत कारकून होतो. या दलालाच्या हातांवर खाजरे चट्टे होते. ते कुणाला लागत नाहीत, असे लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. तरी तो हात मांडीखाली दाबून बसे आणि उठताना चटईवर पडलेल्या खपल्या धोतराच्या सोग्याने पुसून घेई. कुणी हातांकडे पाहिले की त्याची खाज वाढे.

त्या दिवशी सदलग्याच्या एका शेतकऱ्याने रुमालाखाली हात पुढे केला. दलालाचा हात आला नाही, नुसता भाव आला. बाजार हसला.

"अण्णा, दवंडी पिटतोस व्हय रं?" कुणीतरी म्हणाले.

शेतकरी हसला नाही. "हात द्या, अण्णा. मला तुमच्या हाताचं काय न्हाय."

"मला हाय," दलाल म्हणाला.

शेतकऱ्याने आपला हात तसाच रुमालाखाली पुढे धरून ठेवला. दलाल उठून बाहेर गेला. तो सौदा दुसऱ्या दलालाने केला.