आधी निघालेला रुमाल

तिला घरात सगळे 'तार' म्हणत. शाळेच्या दाखल्यावर चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते दाखल्यापुरतंच. 'तार' हे नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि उगाच ठेवलेलं नव्हतं. बोलायला लागल्यापासून ही पोर दोन घरांमधले निरोप पोचवत आली होती. एक घर तिचं स्वतःचं, दुसरं दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मावशीचं. आई आणि मावशी पाठोपाठच्या सख्ख्या बहिणी, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे वैर होतं असं मात्र कोणी समजू नये. मावशीच्या घरातले पडदे आईच शिवायची, आणि आईला शिवणकामाला लागणारे खडू नि कागद मावशीच्या वह्या-पेनांच्या दुकानातूनच यायचे. फक्त मधे तार लागायची. आई म्हणायची, मावशीला सांग, या वेळी झालर जरा खाली घेतली आहे. मावशी तिकडून म्हणायची, आईला सांग, खाली घेतली ते बरं केलं, पण विचारून घेतली असती तर आणखी बरं झालं असतं. येताना वाटेत तार त्यातला शेवटचा तुकडा गाळून टाकायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मोठी झाल्यावर तिला ही दोन घरं पुरेनाशी झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. मागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासायच्या, फ्रेम गरम मण्यांच्या भांड्यात धरून मऊ करायची, काच बसवायची आणि मग बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी टोचत नाही ना ते बघायचं. हात कामात आणि फोन समोरच्या डब्याला टेकवलेला. जगात कुठे खुट्ट झालं की या खोलीत पहिलं कळे. कुठल्या गायिकेचं लग्न मोडलं, कोणता मंत्री काय बरळला, कोणत्या खेळाडूनं केस कापले, सगळं. आणि नुसतं कळून भागायचं नाही, त्याबद्दल लगेच काहीतरी वाटायलाही हवं. गायिकेबद्दल वाईट, मंत्र्याबद्दल संताप, केसांबद्दल हसू. वाटलं की दोन ओळी लिहून मैत्रिणींना धाडायच्या आणि पुढच्या काचेला हात घालायचा. फ्रेम गार व्हायच्या आत वाटून संपलेलं असायचं.

दुकानाचे मालक मोठे मिस्कील. सकाळी शटर वर सरकवताना विचारायचे, "काय, आज कोणावर रागवायचंय आपल्याला?"

वडिलांची तऱ्हा अगदी उलटी. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. तिथलं वर्तमानपत्र सगळ्यांचं वाचून झालं की ते घरी आणायचे, म्हणजे घरी यायचं ते कालचं. रात्रीच्या जेवणाआधी ते कालचा भूकंप असा गंभीरपणे वाचून दाखवायचे की जणू आत्ताच भिंत हलली. तार म्हणायची, बाबा, ते जुनं झालं. ते म्हणायचे, ज्याचं घर पडलं त्याला अजून जुनं झालेलं नाही. यावर ती फणकारून फोनमध्ये डोकं घालायची.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र सिनेमाची. औषधाच्या दुकानातली मैत्रीण बरोबर. आधी चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून, घ्यायच्या नसलेल्या चपला निवडायच्या, मग पुलावरून चालत सिनेमाघर, आणि सुटल्यावर उभ्याउभ्या कॉफी पीत भांडण. एकीला प्रत्येक सिनेमा आवडायचा, दुसरीला एकही नाही, म्हणून दोघींचं छान जमायचं.

आईला या सिनेमांत रस नव्हता. तिच्या लेखी सिनेमावाला एकच, तिच्या तरुणपणचा तो उंच नट, जो चालताना एक खांदा किंचित खाली सोडायचा. आता म्हातारा झाला होता, अधूनमधून कुणाचा तरी आजोबा म्हणून पडद्यावर यायचा. पण एके काळी दोघी बहिणींनी त्याचा एकही सिनेमा चुकवला नव्हता. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, कडेच्या दोन खुर्च्या, दोघींत मिळून शेंगदाण्यांची एक पुडी. आणि एक करार: दुसरीला सोडून त्याचा सिनेमा बघायचा नाही.

अबोल्याचं मूळ तिथंच. आईनं ते लेकीला कधी सांगितलं नाही. वडिलांनी सांगितलं, तेही पंपघराच्या आवाजात, म्हणजे निम्मं ओरडून. मावशीचं नवं लग्न झालेलं. त्या नटाचा नवा सिनेमा लागला, पण लग्नाच्या गडबडीत पहिला दिवस हुकला आणि आठवड्यानं जायचं ठरलं. दोघी ठरल्याप्रमाणे गेल्या. नट नदीकाठी उभा राहून दूर जाणाऱ्या नावेकडे बघतो असा एक प्रसंग होता. बघणाऱ्यांना अजून काही कल्पना नव्हती, तो तर मजेत शीळ घालत होता. आणि तेवढ्यात आईला शेजारी पर्सची कडी वाजल्याचं ऐकू आलं. मावशीनं रुमाल काढून हातात घेतला होता. पुढच्याच क्षणाला पडद्यावर ती नाव उलटली.

आईनं त्यानंतर सिनेमा बघितलाच नाही, रुमालाकडे बघत बसली. हिला आधीच माहीत होतं. म्हणजे ही बघून आली होती, सासरच्या कोणाबरोबर तरी, आणि वर पुन्हा काही ठाऊक नसल्यासारखी येऊन बसली होती. बाहेर पडल्यावर आई एवढंच म्हणाली, "छान होता ना?" मावशी म्हणाली, "हो, पहिल्यांदाच असा बघितला." तेवढंच. त्यानंतर तारेचा जन्म होऊन ती बोलायला लागेपर्यंत दोन्ही घरांत शुकशुकाट होता.

वडिलांनी हे सांगितलं तेव्हा तार हसली होती. एका रुमालापायी एवढं? पण हसून झाल्यावर बराच वेळ तिच्या मनातून ती पर्सची कडी जाईना. त्या दिवसापासून तिला एकच हवंसं वाटत होतं: या दोघींनी एकदा तरी आपल्याशिवाय बोलावं. निरोप नेऊन नेऊन ती दमली नव्हती. पण दोघींना एकमेकींचा आवाज विसरायला होत असेल, असं तिला वाटायचं.

मग ती दुपार आली. तार एका ड्रायव्हरच्या काचा घासत होती. त्याची गंमत अशी की तपासणीच्या वेळी त्यानं फळ्यावरची अक्षरं पुढच्या माणसाचं ऐकून पाठ केली होती, आणि मालकांनी बोट ठेवायच्या आत तो ती धडाधड म्हणायला लागला. मालकांनी मुकाट्यानं फळा बदलला, तेव्हा कुठे तो पकडला गेला. हे आठवून ती हसत होती, आणि डब्याला टेकवलेल्या फोनवर उमटलं की तो उंच नट गेला.

तिनं सवयीनं दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या, पुढची काच उचलली. आणि ती काच तिच्या हातात तशीच राहिली. आई. या बातमीवर काही वाटून घ्यायचं होतं ते तिनं नव्हे. मालकांना सांगून ती लवकर निघाली.

आई खिडकीशी मशीनवर होती. तारेनं सांगितलं तशी पायांची लय थांबली. आईनं कापड सुईखालून काढलं, घडी घातली, ती पुन्हा उलगडली. मग विचारलं, "तिला कळलं असेल का?"

"माहीत नाही. मी सांगून येऊ?"

"नको," आई म्हणाली. "हे निरोपानं सांगायचं नसतं."

आणि पायात चपला सरकवून निघाली. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायचंही भान नव्हतं. ते तसंच बोटात घेऊन ती दोन गल्ल्या अशी चालत गेली की तारेला मागून जवळजवळ पळावं लागलं.

मावशी काउंटरमागे पेनांच्या रिफिली लावत होती. पेन चालतं का बघायला लोकांनी जिथे आपली नावं खरडलेली, ती वही तशीच उघडी होती. आई काउंटरपाशी थांबली. तारेला वाटलं, ही आता आपल्याकडेच वळून म्हणणार की मावशीला सांग. पण नाही.

"धाकटे," आई म्हणाली, "तो गेला गं."

मावशीनं कोण ते विचारलं नाही. रिफिली हातातच ठेवून तिनं काउंटरची फळी वर उचलली. "आत ये, ताई."

दुकानामागच्या खोलीत, आईनंच शिवलेल्या पडद्यांच्या आड, दोघी पलंगावर बसल्या. आई ते पडदे प्रथमच लावलेले बघत होती. झालर खरंच जास्त खाली आली होती, पण ते त्या वेळी कोणी बोललं नाही. तार वह्यांच्या गठ्ठ्यावर बसली. सुरुवातीला दोघी नुसत्या डोळे पुसत होत्या, आई हाताच्या पाठीनं आणि मावशी रुमालानं. मग एकीला आठवलं की त्याला घोड्यावर बसता यायचं नाही आणि प्रत्येक सिनेमात घोडा झाडामागे गेल्यावरच धावायचा. दुसरीनं त्याचा खाली सोडलेला खांदा करून दाखवला. आई हसली. असं पोट धरून हसलेली आई तारेनं पाहिली नव्हती. वाक्य एकीनं सुरू करायचं आणि दुसरीनं संपवायचं, असं चाललं होतं.

आणि तारेच्या मुठीतला फोन थरथरला. मैत्रिणीनं काहीतरी पाठवलं होतं. फोनच्या पडद्यावर तोच नट, बनियनवर, व्हरांड्यातल्या खुर्चीत. तो वैतागून सांगत होता की मी जिवंत आहे, माझी दुपारची झोप मात्र मेली, आता फोन करू नका.

तिनं फोन पालथा केला.

काही बोलायची गरज नव्हती. उद्या कळेल, परवा कळेल, तोवर एवढं हसून झालेलं असेल की पुन्हा तुटणार नाही. आत्ता सांगितलं तर आई उठेल, कारण ती आली होती ती मरणाच्या निमित्तानं, आणि निमित्तच खोटं निघालं तर अभिमान आहेच वाट बघत. गप्प बसणं चांगलं. लहानपणापासून ती वाटेत वाक्यं गाळत आली होती, हे एक आणखी.

पण मावशीनं काहीतरी विचारलं आणि तारेनं दुःखी चेहरा करून मान हलवली. तो चेहरा करताना तिचं तिलाच कसंसं झालं. आपल्याला पुढचं माहीत आहे आणि आपण माहीत नसल्यासारख्या या दोघींच्या शेजारी बसलो आहोत. आईनं इतकी वर्षं जिच्यापायी अबोला धरला, ती नेमकी हीच बसण्याची तऱ्हा. फळा पाठ करून आलेला तो ड्रायव्हरही तिला आठवला, पण आता हसू आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "तो गेलेला नाही. बातमी खोटी होती. मला आत्ताच कळलं... म्हणजे मघाशीच."

आणि तिनं फोन दोघींसमोर धरला. नट पुन्हा एकदा वैतागला. आईनं अंगुस्तान बोटातून काढलं, पुन्हा घातलं, आणि उठून उभी राहिली.

"मग येते मी," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"तो जिवंत आहे याचं वाईट वाटलं का तुला?" मावशी म्हणाली.

आईच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तिनं त्या आवरल्या. दारापर्यंत गेली. आणि दारातून, पाठ तशीच ठेवून, आईनं ते विचारलं जे तारेकरवी कधीच विचारता आलं नसतं. "रुमाल आधी का काढलास?"

मावशीनं हातातल्या रुमालाची घडी घातली. नणंदेनं तिकिटं काढून आणली होती, मावशी म्हणाली, नव्या नवरीला नाही कसं म्हणता येणार. तिथं बसून सगळा वेळ तिला एकच वाटत होतं, ताई नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी ती पुन्हा आली. सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ताईचा सिनेमा नासला असता.

"मी त्या दिवशी पडदा बघितलाच नाही," मावशी म्हणाली. "तुझं तोंड बघत होते. आणि रुमाल माझ्यासाठी कुठे काढला होता? तू कधी रुमाल आणलायस का बाहेर जाताना?"

आईनं आपल्या हाताकडे बघितलं. हाताची पाठ अजून ओली होती.

नेमकं तेव्हाच बाहेर कोणीतरी काउंटर ठोकून आलेखाचा कागद मागितला. कोणीच हललं नाही, तसं त्यानं पुन्हा मागितला. शेवटी तारच उठली. कागद देऊन, उघडी वही मिटून ती परत आली, तर आई पलंगावर बसली होती आणि झालरीवरून वाद सुरू झाला होता. चांगला जोराचा, थेट. तारेनं मधे पडायला तोंड उघडलं आणि दोघी एकदम म्हणाल्या, "तू गप्प."

रात्री वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उद्या छापून आलं की नीट वाचेन. पण त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि तो चष्मा तारेनंच बसवलेला असल्यानं तिला ठाऊक होतं की त्यावर डाग नव्हता.

त्या नटाचा पुढचा सिनेमा लागला, आजोबाचं छोटंसं काम असलेला, तेव्हा दोघी बहिणी निघाल्या. आईनं तारेलाही बोलावलं. तार अडखळली. शुक्रवारीच मैत्रिणीबरोबर बघून आले आहे, असं तिनं सरळ सांगून टाकलं. आई म्हणाली, मग कडेला बस आणि तोंड उघडू नकोस.

ती कडेला बसली. फोन पर्समध्येच ठेवला. पुढे काय होणार ते तिला माहीत होतं, म्हणून ती पडद्याकडे फारशी बघत नव्हती. आजोबा अंगणातल्या खुर्चीत बसून नातवाला शीळ घालायला शिकवत होते, आणि लोक हसत होते. अंधारात पर्सची कडी वाजली. आईनं मान न वळवता हात बाजूला पसरला, आणि मावशीनं त्यावर रुमाल ठेवला.