हौद्याखालचा नाल

मी पोलिसात असतानाची ही घटना. देवगडकडच्या रस्त्यावर खडी ओतून निघालेल्या डंपरचा हौदा वरच राहिला आणि विजेच्या तारांत अडकला. खांब मोडून पडला तो रस्त्याकडेला गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या मासळीवालीच्या अंगावर. मी पोचलो तेव्हा तिची पाटी शेजारी सरळच होती, एक बांगडाही सांडला नव्हता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असा हबकलो नव्हतो.

चालकाला ताब्यात घेतलं. एकच पालुपद: "सायबानू, हौद्याचो खटको खाली केलंय, लाल दिवो नव्हतो, बझर वाजलो नाय. माका वाटला हौदो बसलो."

आरोपी असंच बोलतात. त्यात दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "हौद्याखालचो सेन्सर बघा. खेपा लवकर मारूक ह्ये लोक तो फसवतत." हे खरं निघालं असतं तर मामला नुसत्या हयगयीचा राहिला नसता. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं असतं आणि पोरगा बरीच वर्षं आत गेला असता.

मोटार वाहन निरीक्षक आणि दोन पंच घेऊन गाडी तपासली. निरीक्षकांनी मला समजावलं. हौदा खाली बसला की त्याची लोखंडी पट्टी सेन्सरसमोर येते, वर गेला की लांब जाते. पट्टी लांब असताना गाडी हलवली तर दिवा लागतो, बझर वाजतो आणि गाडी पहिल्या गिअरच्या पुढे जात नाही. मग त्यांनी हौद्याच्या बिजागरीत टॉर्च मारला. सेन्सरच्या तोंडाशी तारेने आवळून घोड्याचा नाल बांधला होता. हौदा वर असो की खाली, सेन्सरला समोर लोखंडच दिसत होतं. नालावर कुंकू होतं. गाडी फसवणारा कुंकू कशाला लावेल?

पंचनामा करून नाल चालकासमोर ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नाल निरखून म्हणाला, "मियां बांधलंय." मी विचारलं, तार कशी पिळलीस, दाखव. त्याला दाखवता येईना. पोरगा खोटं बोलत होता, आणि स्वतःला वाचवायला नक्कीच नाही.

दुपारी त्याचा बाप डबा घेऊन आला. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस. मी बसायला सांगितलं तर उभ्यानेच म्हणाला, "सायबानू, माझ्या झिलाची चूक नाय. त्येका कायएक म्हायत नाय. दसऱ्याक गाडी धुताना हौदो वर होतो, तेवा आमच्या जुन्या गाडयेच्या कण्याचो नाल मियां सोता बांधलंय. भार खंय पेलता ता बघून थयच." मुलगा आत सोनं आणायला गेला होता, त्याला पत्ताच नव्हता. दसऱ्यानंतर हौदा अर्धवट वर असताना गाडी हलली ती अपघाताच्या दिवशी, पहिल्यांदा.

 कोकणातली जुनी रीत ही, गाडीच्या कण्याला, म्हणजे आसाला, नाल बांधला की दृष्ट लागत नाही. मी स्वतःच्या मोटरसायकललाही एक बांधला होता. त्याच्या नालाने सेन्सर फसला हे म्हाताऱ्याला सांगणं भागच होतं, जबाबात यायचंच होतं. सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ती बाय माझ्यामुळा मेली?"

कायद्याने त्याच्यावर गुन्हा होत नव्हता; मी त्याचा जबाब लिहायला घेतला. मुलावर हयगयीचंच कलम राहिलं, कारण मागे वळून हौदा बघणं हे त्याचं काम होतं, दिव्याचं नव्हे. मी तेवढंच शिकलो: यंत्र असो की देव, राखण दुसऱ्यावर सोपवली की माणूस मान वळवायची विसरतो. त्या दिवसापासून डंपर दिसला की मी थांबवतो आणि वाकून बिजागरी बघतो. निवृत्तीनंतरही. लोक हसतात, हसोत.

त्या दुपारी नाल पाकिटात घालून सील करत होतो तेव्हा सवयीने म्हाताऱ्याचे हात त्याच्यापुढे जोडले गेले. मग त्याने ते सोडवले, धोतराला पुसले आणि डबा तसाच टेबलावर ठेवून निघून गेला.