आशूचं पीआर आणि आमचे नाना

मुलीला परदेशात कायमचं राहायला मिळावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेले बाप खानदेशात आता गल्लोगल्ली सापडतात. पण ती घरी यावी, एवढ्याचसाठी तिला तिकडे कायमचं करायला निघालेला बाप मी जन्मात एकच पाहिला, आणि तो आमच्याच घरात निघाला. हे माझे धाकटे काका. सगळे भाऊबंद त्यांना नाना म्हणतात. त्यांची उभी हयात पाचोरा स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीमागे गेली, आणि खिडकी सुटली तरी त्या खिडकीतून जगाकडे बघायची सवय काही सुटली नाही. त्यांच्या मते जगात माणसं तीनच प्रकारची: वेटिंग, आरएसी आणि कन्फर्म. माझ्या धाकट्या बहिणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, शिकलेला, फक्त नोकरी कंत्राटी. सगळ्यांचं चहापाणी होऊन होकार द्यायची वेळ आली तेव्हा नाना मुलाच्या बापाच्या तोंडावर म्हणाले, "पोरगा सोनासारखा शे, पन आजून आरएसी शे." ते लग्न मोडलं. बहिणीने नानांना वर्षभर माफ केलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी आशू जळगावात इंजिनीअर झाली आणि पुढचं शिकायला कॅनडात गेली. त्या दिवसापासून नानांना बोलायला दुसरा विषय म्हणून उरला नाही. "स्टडी परमिट म्हंजे वेटिंगनं तिकीट," ते समोर सापडेल त्याला सांगायचे, मग तो केस कापणारा असो की छातीला नळी लावून बसलेला डॉक्टर. "डबामा चढू देतस, हाईच उपकार. शिकीसन झायं का वर्क परमिट. ते आरएसी. बसाले जागा शे, पाय पसराले नही. आनि पीआर म्हंजे कन्फर्म बर्थ. मंग टीसी उना तरी उठाडत नही." धुळ्याला एका लग्नात त्यांनी हे सगळं नवरीच्या बापाला मंगलाष्टकं चालू असताना ऐकवलं. त्या बिचाऱ्याच्या अक्षता शेवटपर्यंत मुठीतच राहिल्या.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र ही नव्हती. शिक्षण संपल्यावरचं ते वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. त्याच्या मुदतीत पीआरचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, जमलं नाही, तर गाशा गुंडाळायचा. त्यात आशूच्या पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपलेला. तिकडे राहून नोकरी करायला हरकत नव्हती, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत शिरायला नवा व्हिसा लागणार, आणि तो मिळेलच असं छातीठोकपणे कोणी सांगत नव्हतं. म्हणून ती येत नव्हती. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आली नाही, माझ्या लग्नाला आली नाही. दोन्ही वेळा ती फोनवर रडत "निघते" म्हणाली, आणि दोन्ही वेळा नानांनीच तिला निक्षून सांगितलं, "नको येऊ." फोन ठेवल्यावर ते परसात जाऊन उगाच नळ सोडून उभे राहायचे. ते पाहून मला फार वाईट वाटे. एकदा त्यांचं मन हलकं करायला म्हणून मी म्हणालो, "नाना, मग संपू द्या ना ते परमिट. येईलच की घरी." नाना माझ्या अंगावर धावून यायचेच बाकी राहिले होते. "पोर घर येवाले पायजे," ते ओरडले, "कोनी घर धाडेल नको!"

या वाट पाहण्यात नानांचा मुक्काम हळूहळू कॅनडात हलला. मे महिन्यात पाचोऱ्यात डांबर वितळत असायचं, कुत्री नालीत बसलेली असायची, आणि नाना ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे अजून थंडी गेली नाही बरं का." जानेवारीत तर ते कानटोपी, स्वेटर आणि वर काकूंची शाल अशा थाटात भाजीला जात. आमच्याकडेही थोडा गारठा असतो, पण त्या शालीइतका नाही. आशूच्या गावात बर्फ पडला की त्यांना सर्दी होई, आणि ती खरोखरची होई, याला मी साक्षीदार आहे.

मग सुरू झाले गुण. पीआरसाठी तिकडचं सरकार शिक्षणाचे, नोकरीचे, भाषेचे आणि वयाचे गुण धरतं, आणि मधून मधून अमुक गुणांच्या वरचे उमेदवार घेतले, असं जाहीर करतं. कापसाचा भाव चढावा म्हणून सगळा जिल्हा नवस बोलत असताना आमचे नाना एकटे कॅनडाच्या गुणांचा आकडा खाली पडावा म्हणून मारुतीला तेल घालत होते. तो पडेना. त्यात तिशी गाठली की दर वाढदिवसाला वयाचे गुण कापले जातात, हे त्यांना कुठूनसं कळलं. आशूच्या तिसाव्या वाढदिवसाला काकूंनी निरांजन लावून, फोन उभा करून, तिला ओवाळायची तयारी केली, तर नानांनी फुंकर मारून निरांजन विझवलं. "गाजावाजा नको!" जणू काकूंनी पाचोऱ्यात ओवाळलं नसतं तर कॅनडा सरकारला तिचं वय कळलंच नसतं. काकूंनी निरांजन पुन्हा लावलं.

फ्रेंच भाषा आली तर जास्तीचे गुण मिळतात, म्हणून आशू नोकरी सांभाळून फ्रेंच शिकू लागली. पोर एकटी किती करणार, असं म्हणून नानाही शिकू लागले. त्यांच्या फ्रेंचचे गुण आशूच्या खात्यात जमा होणार नाहीत, हे त्यांना मी, काकू आणि खुद्द आशू अशा तिघांनी सांगून पाहिलं. "हुरूप येस ना तिले," एवढंच उत्तर. सहा महिने दूधवाल्याला रोज सकाळी "बोंजूर भो" ऐकावं लागलं. तो भला माणूस, तोही शेवटी "बोंजूर नाना" म्हणायला लागला. नानांची गाडी त्यापुढे फारशी गेली नाही, पण आशू परीक्षा पास झाली.

त्या काळातले आमचे श्रावण मला आठवतात. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी श्रावणात आमची खानदेशची देवी कानबाई बसते, आणि सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंद पांगले आहेत तिथून सगळे येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे, परक्याला घास द्यायचा नाही, अशी रीत. आशू गेली त्याच वर्षी नानांनी तिच्याही नावाने मूठ धरली. माझे वडील, म्हणजे आबा, घरात सगळ्यांत थोरले. ते गुरगुरले, "पोरीस्नी मूठ धरतस का रे कधी?"

"मना घरमा पोरगाबी तीच आनि पोरबी तीच," नाना म्हणाले.

"आनि ती आठे नही, तं तिना वाटानं कोन खाई?"

"मी."

आणि ते खायचे. आपलं खाऊन झाल्यावर, पोट फुटायला आलं तरी, पुरणाच्या पोळ्यांची दुसरी चळत पुढे ओढून घाम पुसत खायचे. मग दोन दिवस नुसत्या सोड्यावर काढायचे. आबा दरवर्षी गुरगुरायचे आणि दरवर्षी तिच्या नावाची मूठ मोजून द्यायचे.

शेवटी फ्रेंचच्या जोरावर आशूला पीआरचा अर्ज करायचं बोलावणं आलं. कागद गेले, वैद्यकीय तपासणी झाली, इकडून पोलिसांचा दाखला गेला. परमिटची मुदत अगदी उंबरठ्यावर आली असताना एका सकाळी काकूंचा फोन आला. त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटत होतं, त्यामुळे मला आधी काही कळेचना. मागून नानांचा आवाज आला, "कन्फर्म! कन्फर्म!" मला इतकं हलकं वाटलं की मी तडक गाडी काढून जळगावहून पाचोऱ्याला गेलो.

पण बातमी गावी पोचली ती आपल्या पद्धतीने. आशूला तिकडे 'कायमचा रहिवास' मिळाला, एवढंच आबांना कळलं. दुपारी ते आले ते पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, मागे चार भाऊबंद, सगळ्यांचे चेहरे पडलेले. दारात चपला काढून, सांत्वनाला आल्यासारखे सगळे भिंतीला टेकून बसले. मग आबांनी मोठा सुस्कारा सोडला. "देवनी मर्जी, नाना. आपला हातमा काय शे? पोर कायमनी चालनी गयी."

काकू हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. नानांनी पेढ्याचा खोका उघडून एक पेढा आबांच्या तोंडात कोंबला. "कायमनी गयी नही, आबा. आते ती मोकयी व्हयनी. कव्हयबी येई, कव्हयबी जाई. कोनी आडावाव नही. पासपोर्ट आजूनबी आपलाच शे."

आबांना हे पटायला तीन पेढे लागले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्याने डोळे पुसले. "मंग आसं सांगानं ना आधी," ते म्हणाले.

पाचांतली दोन वर्षं तिकडे काढली की पीआर टिकतं, हे कळल्यावर तर नानांनी गल्लीभर जाहीर केलं की उरलेली तीन आपली. "तीन वर्षं ती इथे काय पापड लाटणार आहे का?" काकू म्हणाल्या. त्याच श्रावणात आशू आली. आबांनी तिच्या नावाची मूठ स्वतः मोजली, आणि ती सव्वा मूठ बरीच सढळ होती, हे सगळ्यांनी पाहिलं. ती जेवायला बसली आणि नाना समोर बसून नुसते बघत राहिले. त्यांची स्वतःची पोळी गार झाली.

जायच्या दिवशी मीही स्टेशनवर होतो. इतकी वर्षं नानांनी आशूला एक प्रश्न कधीच विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर तिच्या हातात नव्हतं. गाडीची घोषणा झाली तेव्हा त्यांनी तो विचारला. "मंग आते कव्हय येशी?"

आशू बॅगेची चेन ओढत म्हणाली, "पुढच्या वर्षी जमवते, नाना. नवी नोकरी आहे, रजा मिळाली तर. बघते."

गाडी गेली. नाना खचले असतील म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसं काही नव्हतं.

"बघते म्हने," ते म्हणाले. "पुन्याना पोरेबी हाईच सांगतस."

एवढं बोलून ते हसले. पुण्या-नाशिकला गेलेल्या चारचौघांच्या मुलांसारखी आपलीही मुलगी आता फक्त रजेपायी अडणार, याचं त्यांना मनापासून बरं वाटत होतं. मग रिक्षात बसून घरी पोचेपर्यंत आमचे नाना रिक्षावाल्याला सांगत राहिले, की मुलगी पुढच्या वर्षी येणार आहे, फक्त रजा मिळायला हवी.