तिसरी प्लेट

माझ्यावर ज्याचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्याचं नाव जगदीश. तो माझा नातेवाईक नव्हता, शिक्षकही नव्हता. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा होता. दोन महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभा असताना दिलवरचा फोन आला. दिलवर आमच्यातला तिसरा, सातपुड्यातल्या मोलगीकडचा. तो एरवी फोनवर आधी शिवी देतो, मग बोलतो. त्या दिवशी शिवी आलीच नाही... तेव्हाच मला कळलं, जगदीश गेला.

आमचं घर खांडबाऱ्याला, मजुरीवर चालणारं. कॉलेजपर्यंत पोहोचलेला घरातला मी पहिलाच. घरी मी अहिराणी बोलायचो, दिलवर पावरी, जगदीश गुजरी. आपसात तिघेही अहिराणीच बोलत असू, वर्गात मात्र पुस्तकी मराठी बोलायला लागे. त्यांनी ती लवकर उचलली. मी मात्र गप्प राहायला शिकलो. हजेरीला ‘यस सर’ म्हणतानाही माझा आवाज घशातच राहायचा.

शहाद्यात खताच्या दुकानावरच्या मजल्यावर एक इटालियन जेवणाचं हॉटेल निघालं. लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, भिंतीवर वाकड्या मनोऱ्याचं चित्र, आणि पिझ्झाबरोबर मागितला तर ठेचाही मिळायचा. जगदीश आम्हाला ओढत घेऊन गेला. वेटर आला, तसं जगदीशने आपलं मेन्यू कार्ड मिटलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं, “भाऊले इचार.”

मी कार्डात डोकं घालून पुटपुटलो, “सगळा लेतीन तेच.” सगळे घेतील तेच. आजवर मी असाच जगत आलो होतो.

“सगळासनं सोड. तुले काय पाहिजे?”

मी काहीतरी बोललो.

“जरा जोरमा बोल ना! वेटरना कान काय तुन्हा पोटमा शेतस का?”

दिलवर हसून टेबलाखाली जायचा बाकी राहिला. मला घाम फुटला होता. पण मी कार्डावर बोट ठेवून, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात, मला काय पाहिजे ते सांगितलं. सिमला मिरची आणि मक्याचे दाणे घातलेला पिझ्झा आला. तो मी मागवला म्हणून आला होता, याचंच मला कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

पुढे दर महिन्याला एक शनिवार ठरून गेला. आमची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, तरी तो शनिवार टिकला. जगदीशला ते जेवण आवडायचं असंही नाही. पिझ्झाची घडी घालून तो भाकरीसारखा खायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, “शेठ, ज्वारी-उडीदना कळणानी भाकर यान्हापेक्षा भारी.” मालकही रागवायचे नाहीत, कारण त्याच्या मळ्यातला केळीचा घड दर खेपेला आधी त्यांच्या स्वयंपाकघरात पोहोचलेला असायचा. मी एकदा विचारलं, भाकरच एवढी भारी, तर आपण इथे कशाला येतो? तो म्हणाला, “मन्हा घर तू पाव्हना, तुन्हा घर मी पाव्हना. कोन कोठे बठी, कोन कितलं खाई, सगळासनं ध्यान. आठे, या टेबलवर, तिन्ही सारखाच अडाणी.” त्यानंतर मी त्या टेबलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आमच्या तिघांच्या घरांमधलं अंतर तिथे कुणी मोजत नव्हतं.

शिक्षकाच्या नोकरीसाठी मुलाखत होती, तेव्हा समोर पाच माणसं बसली होती. ही शाळाच का, असं त्यांनी विचारलं. मी मान खाली घालणार, तोच कानात आलं, जरा जोरमा बोल ना. मी बोललो. आज माझ्या घरात जे काही आहे, ते त्या बोलण्यातून आलेलं आहे.

मग त्याचा आजार निघाला. सुरतच्या दवाखान्यात नेलं. बोलताना दम लागायचा म्हणून त्याच्या बायकोने, हेमावहिनींनी, त्याचा फोन बंद ठेवला. त्याने निरोप मात्र पाठवला: शनिवार मोडू नका, आणि मास्तरले सांग, कोन काय खादं ते लिख. मी पत्र लिहून पोस्टाने पाठवलं. पुढचा शनिवार यायच्या आत तो गेला.

आमच्याकडे उत्तरकार्याच्या दिवशी गंधमुक्ती होते. सोयरे घरच्या पुरुषांना गंध लावतात, टोपी घालतात, आणि मग ती माणसं आपापल्या कामाला मोकळी होतात. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. दिलवर आणि मी मांडवाच्या खांबाशी उभे होतो. आम्हाला कुणी बोलावलं नाही. यात कुणाची चूक नव्हती, मित्राला गंध लावायची रीतच नाही. पण आम्ही दोघे तसेच अडकून राहिलो. शनिवार आला, गेला. खताच्या दुकानापर्यंत गेलो आणि जिना न चढता परत फिरलो. जगदीशशिवाय आमची ही मैत्री संपली, असं मनातून दोघांनीही मान्य केलं होतं.

एके दिवशी वहिनींचा फोन आला, “शनिवारी दुपारी हॉटेलात या. बापूजी पण येताहेत.” बापूजी म्हणजे जगदीशचे वडील. काठी टेकत, जिन्यात दोनदा थांबत ते वर आले. आमच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी पिशवीतून दोन पांढऱ्या टोप्या आणि गंधाची वाटी काढली. “पोरसहो, तुम्हले कोनी टोपी घाली नही. मन्हा ध्यानमाच उनं नही.” भर हॉटेलात त्यांनी आमच्या कपाळाला गंध लावलं. लोक बघत होते. दिलवर टोपीसकट रडत होता. “बठा,” बापूजी म्हणाले, “आते जेवा.”

वेटर आला. वहिनींनी कार्ड मिटलं, “या भाऊंना विचारा.” मी मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी पर्समधून माझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. “वाचून दाखवलं तेव्हा खूप हसले. शेवटी तुम्ही जे विचारलंय ना, त्याचं उत्तर तुम्हाला द्यायला सांगितलं होतं... म्हणाले, ‘सगळा लेतीन तेच.’”

ते पत्र असं होतं.

प्रिय जगदीश,
शनिवारी आम्ही गेलो होतो. दिलवरने ठेचा संपवून पुन्हा मागितला. मालक तुझी चौकशी करत होते. केळी आली नाहीत म्हणून नव्हे, असं त्यांनी स्वतःहूनच दोनदा सांगितलं. नव्या वेटरने किती जण विचारलं, मी तीन म्हणालो. तिसऱ्या प्लेटमध्ये दिलवरने तुझा तुकडा वाढला, आणि शेवटी आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला, कारण अन्न टाकलेलं तुला चालत नाही. तू सावकाश बरा हो. टेबल आम्ही सोडत नाही. एक गोष्ट मात्र आत्ता लक्षात आली. इतक्या वर्षांत तू स्वतःसाठी कधी काही मागवलंच नाहीस, आमच्यातलंच उचलत राहिलास. आलास की कार्ड तुझ्यापुढे. तोवर विचार करून ठेव आणि जरा जोरमा सांग, तुले काय पाहिजे?