एका दमात सात दवाखाने

सकाळी साडेसातला कोठारप्रमुख लुबिंडा चहाचा मग हातात घेऊन औषधकोठाराच्या दारात उभा राही आणि दिवसाची कामे एका दमात सांगून टाकी. "सिमोंगाला सलाइनच्या चार पेट्या, मकुंकाला मलेरियाच्या गोळ्या, न्यावाहून परत आलेला खोका तपासायचा, कासियाला हातमोजे..." अशी सात दवाखान्यांची नावे. सहा कामगार भिंतीला टेकून माना डोलावीत. लिहून कोणी घेत नसे. लिव्हिंगस्टन शहरापासून तासाभरावरच्या त्या मिशनच्या कोठारात लिहून घेणे म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दाचा अवमान समजला जाई. कागदावर उतरत ते फक्त चुकांचे मेमो.

त्या सहांतल्या चिपेगो हामुसोंडेजवळ पहिली दोन नावे उरत. तिसऱ्यापासून शब्द कानात शिरत आणि ओंजळीतल्या पाण्यासारखे गळून जात. मग ती ढकलगाडी धरून फळ्यांच्या मांडण्यांमध्ये उभी राही. काय करायचे आहे याचे काही तुकडे तिच्यापाशी असत, पण त्यांतला पहिला कोणता हे उमगत नसे, आणि तेवढ्यावाचून पाऊल उचलत नसे. बघणाऱ्याला ती उभी राहून वेळ काढणारी बाई दिसे. हीच चिपेगो शेकडो खोक्यांमधून मुदत संपत आलेला खोका चालता चालता हेरी. पण त्या गुणाची नोंद कोणत्याच मेमोत नव्हती.

मोंझेकडच्या गावात तिच्या लहानपणी हे वेगळ्या रीतीने निभावले होते. मीठ आण, वासरू बांध, आजीला हाक मार, असे सांगून पाठवले की ती वासरू तेवढे बांधून परते. आई कपाळावर हात मारी. बाप, जन्मभर गुरांत राहिलेला माणूस, म्हणे, "पोरीला एका वेळी एकच दोरी द्या गं. एक सोडेल, मग दुसरी धरेल." छत्तिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितले तेही जवळजवळ हेच. बुद्धीला धक्का नाही. कामांची रांग लावणारा मुकादम तेवढा डोक्यात जन्मापासून गैरहजर आहे. त्यांनी चिठ्ठी दिली. काम लिहून द्यावे. एका वेळी एक द्यावे.

चिठ्ठी घेऊन ती लुबिंडासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या नावावर दोन मेमो झाले होते. तिसरा झाला की नोकरी जाणार होती.

लुबिंडा लोझी जमातीचा, चिपेगो टोंगा जमातीची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. भेटल्याबरोबर एकमेकांची सालटी काढायची आणि राग मानायचा नाही, ही रीत. नऊ वर्षे दोघांनी ती मनापासून पाळली होती. लुबिंडाने चिठ्ठी वाचली, आणि तो खो खो हसत सुटला.

"नामाकाउ, इकडे या! आमच्या गुराखीणबाईंनी कामचुकारपणाला डॉक्टरचा शिक्का आणलाय!"

नामाकाउ ही मेमो टाइप करणारी वयस्क कारकूनबाई, तीही लोझी. "टोंगा ना साहेब," ती म्हणाली, "दूध पिऊन पिऊन डोक्यात दहीच लागणार!"

त्या क्षणी चिपेगोने फक्त गप्प राहायला हवे होते. गप्प राहिली असती तर कदाचित कुणी विचारले असते, खरंच का? पण जीभ सवयीने चालली. "राजेसाहेब, तुम्ही मासे खाणारी माणसं. हुकूम पाण्यावर लिहिता, तो आमच्या गुरांना कसा वाचता येणार?"

हास्याचा कल्लोळ उसळला. चिठ्ठी नोटिसबोर्डावर टाचली गेली, विनोद म्हणून. तीही हसली, आणि हसताना तिला कळले की या कोठारात यापुढे ती खरे बोलली तरी ते विनोदाच्याच खात्यात पडणार आहे. रडली असती तर सोयरिकीचा अपमान. रागावली असती तर हलक्या मनाची. बाहेर पडायची वाटच तिने स्वतःच्या तोंडाने बुजवली होती.

ऑगस्टमध्ये तिच्या हातून कासियाचे हातमोजे सिमोंगाला गेले. तिसरा मेमो टाइप झाला. लुबिंडाची सही तेवढी राहिली, कारण त्याच दिवशी त्याची आई वारली.

मयताच्या घरी टोंगा सोयऱ्यांनी जायचेच असते. शोक करणाऱ्यांना हसवणे हा त्यांचा हक्क आणि कर्तव्य. मयताच्या अंगणात थट्टेकऱ्याला अडवता येत नाही. चिपेगो गेली. लुबिंडा चटईवर बसला होता, दाढी वाढलेली, नजर कुठेच नाही. तिने शेजारच्या बाईच्या हातातला मग घेतला, दारात जाऊन छाती फुगवली आणि तळहातावर लिहून आणलेल्या नावांवर नजर ठेवून हुबेहूब त्याच्या आवाजात सुरू केले.

"सिमोंगाला सलाइन, मकुंकाला गोळ्या, न्यावाचा खोका, कासियाला हातमोजे, कटापाझीला सिरप, मुकुनीला पट्ट्या, सेकुटेला साबण! काय रे लोझ्या, ऐकतोस ना? चल, म्हणून दाखव!"

अंगण हसले. नामाकाउ डोळे पुसत हसली. लुबिंडाही हसायला गेला. "सिमोंगा," तो म्हणाला. "मकुंका." मग थांबला. त्याने कपाळावर बोटे दाबली. रोजची नावे. लोक वाट पाहत राहिले.

"दोनच राहिली," तो हळू म्हणाला.

"माझ्याजवळ रोज दोनच राहतात, साहेब," चिपेगो म्हणाली. तिचा आवाज थट्टेचा नव्हता. पण अंगण थट्टेचे होते, म्हणून सगळे पुन्हा हसले. लुबिंडा हसला नाही.

दहा दिवसांनी तो मग घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने सातही नावे पूर्वीसारखीच एका दमात सांगितली. चिपेगोजवळ पुन्हा पहिली दोनच उरली. ती ढकलगाडीपाशी आली तेव्हा दांड्यात एक घडी केलेला कागद खोचलेला होता. त्यावर एकच ओळ : सिमोंगा, सलाइन, चार. खाली सही नव्हती.

मेमोवरही ती झाली नाही. तो त्याच्या खणात पडून राहिला. फाडला गेला नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही बोर्डावरून उतरली नाही. चिपेगोने दोन्हींविषयी कधी विचारले नाही. विचारणे म्हणजे पुन्हा विनोद. लुबिंडाची बदली झाली तर त्या एका ओळीच्या कागदाचा वारस कोण, याचे उत्तर कुठल्याच खणात नव्हते.

पेट्या चढवून ती त्याच्या दारात उभी राहिली, पुढच्या ओळीसाठी.

"आली बघा," नामाकाउ यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "गाय सुटली की खुंट्यावर हजर!"

चिपेगो हसली. हसावेच लागे. लुबिंडाने मान वर न करता दुसरा कागद टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला.